४-५ वर्षांच्या मुलांसोबत विज्ञान: कोणते प्रयोग ठेवावेत, कोणते गाळावेत?

कागदी_होडी

चार ते साडेपाच वर्षांची २२ मुलं, वर्गात मी आणि एक मदतनीस. विज्ञानासाठी आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी ४० मिनिटं. सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, तरंगतं-बुडतं, बी रुजवणं, चुंबक आणि बर्फ एवढं यादीत आहे. अडचणी अशा:

ज्वालामुखीला टाळ्या पडतात, पण "काय झालं?" विचारलं की "फुस्स झालं" याच्या पुढे गाडी जात नाही. तरंगण्याच्या खेळात प्रत्येक वस्तूला एकच उत्तर, "जड आहे म्हणून बुडली". बिया कुजतात आणि वास मारतात. शिवाय २२ जण एका टबाभोवती जमले की निम्म्यांना समोरच्याची पाठ दिसते.

शास्त्रीय शब्द किती वापरावेत हेही सांगा. "घनता", "अंकुरण" वगैरे या वयात बोलायचं की नाही?

तळ्याकाठी

ज्वालामुखी खुशाल काढून टाका. त्यात मुलाच्या हातात काही नसतं. मोठं माणूस ओततं, फेस येतो, खेळ खलास. वर खऱ्या ज्वालामुखीतही सोडाच असतो असा समज होतो, तो निस्तरायचं काम पुढच्या शिक्षकांच्या गळ्यात. या वयाला प्रयोग निवडायची माझी चाळणी साधी आहे: मुलाला स्वतःच्या हाताने एक गोष्ट बदलता येते का, आणि बदलल्याचा परिणाम दोन मिनिटांत दिसतो का?

त्याच सामानातून या चाळणीत बसणारा प्रयोग होतो. बर्फाच्या ट्रेच्या खणांमध्ये पाव-पाव चमचा खाण्याचा सोडा घाला. तीन वाट्यांमध्ये साधं पाणी, मिठाचं पाणी आणि पांढरं व्हिनेगर, प्रत्येकी ३० मिली. दिसायला तिन्ही सारखीच, म्हणून वाटीवर लाल, निळा, पिवळा ठिपका चिकटवा. मूल ड्रॉपरने एका खणात एका वाटीतले पाच थेंब टाकतं आणि कुठल्या ठिपक्याला फेस येतो ते शोधतं.

हमखास चुकतं ते ड्रॉपरपाशी. व्हिनेगरचा ड्रॉपर पाण्याच्या वाटीत बुडला की पाण्यालाही बुडबुडे येतात आणि सगळा तपास फसतो. म्हणून ड्रॉपरलाही वाटीच्याच रंगाचा ठिपका लावा. थोड्या वेळाने एखाद्या खणात व्हिनेगर टाकूनही फेस यायचा थांबतो. खरा प्रयोग तिथून सुरू होतो. "आता काय संपलं असेल?" असं विचारून सोड्याचा चमचा मुलाच्या हातात द्या. घातला आणि परत फेस आला, तर उत्तर त्यानेच मिळवलं.

व्हिनेगर डोळ्यात गेलं तर झोंबतं, तेव्हा वाट्या लहान ठेवा आणि पाणी हाताशी असू द्या. सोडा-व्हिनेगर घातलेल्या बाटलीचं झाकण कधीही लावू नका. आत वायू साठतो आणि बाटली फुटू शकते.

गर्दीचं गणित: सगळ्यांना एकाच दिवशी सगळं द्यायचा हट्ट सोडा. सुरुवातीची ५ मिनिटं सगळे एकत्र, मग ५-६ जणांचा एक गट तुमच्या टेबलावर १५ मिनिटं, मग दुसरा गट १५ मिनिटं, शेवटची ५ मिनिटं गप्पांना. बाकीचे मदतनीसाबरोबर ठोकळे, चित्रं, पानं आणि भिंग यात रमतील. उरलेले दोन गट दुसऱ्या दिवशी. सहाच्या वर मुलं गेली की बघणारे आणि करणारे असे दोन तट पडतात, आणि रोज तीच मुलं बघणारी होतात.

भिंगाचा विषय निघालाच आहे तर: ३ ते ५ पट मोठं दाखवणारं, ६-७ सेंमी व्यासाचं घ्या. १० पट ऐकायला भारी वाटतं, पण ते वस्तूपासून जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. लहान मुलांना ते जमत नाही आणि "काहीच दिसत नाही" म्हणून ती भिंग टाकून देतात. भिंगाचं पहिलं काम म्हणजे स्वतःचं बोट. आणि भिंग घेऊन उन्हात जायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी.

चौथा_बाक

तरंगण्याबद्दल लिहितो.

"जड आहे म्हणून बुडली" याला चूक म्हणून खोडू नका. मुलाने जेवढं पाहिलंय तेवढ्यावरून ते बरोबर आहे, आणि बहुतेक वर्गांतला टब त्याला दुजोराच देत असतो: दगड, नाणं, पीस, वाळलेलं पान. जड ते बुडालं, हलकं ते तरंगलं. मग मुलाने वेगळा निष्कर्ष काढावा तरी कशाच्या जोरावर? वस्तूंचा संच बदला.

जोड्या अशा लावा. २०० ते ३०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा आणि ५ ग्रॅमचा खडा. जाडजूड मेणबत्ती आणि एक स्क्रू. सारख्या आकाराच्या दोन छोट्या बाटल्या, एक रिकामी आणि बूच घट्ट लावलेली, दुसरी वाळूने गच्च भरलेली. सालासकट संत्रं आणि सोललेलं संत्रं (सोललेलं बहुतेक वेळा बुडतं, पण आदल्या दिवशी करून बघा, एखादं दगा देतं).

क्रम महत्त्वाचा: तराजू आधी, पाणी नंतर. ठोकळा आणि खडा तराजूत घालून कुठलं पारडं खाली गेलं ते मुलाने पाहिलं पाहिजे. मग अंदाज बोलून दाखवायचा आणि मगच पाण्यात. तराजूची पायरी गाळली तर मूल बेधडक "खडाच जड होता" म्हणतं. त्यात लबाडी नसते, त्याचा नियम त्याला तसं सांगत असतो.

संचातून स्पंज, कागद आणि टाचण्या काढून टाका. स्पंज आणि कागद आधी तरंगतात, पाणी प्यायल्यावर खाली जातात. टाचणी किंवा पातळ पत्रा आडवा अलगद ठेवला तर पृष्ठताणामुळे (पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो म्हणून) वर राहतो, टोकावर पडला तर बुडतो. एकाच वस्तूची दोन उत्तरं पहिल्या दिवशी नकोत. काही लाकडं पाण्यापेक्षा जड असतात, तेव्हा ठोकळाही तपासून घ्या.

टब पारदर्शक हवा आणि पाणी किमान १५ सेंमी खोल. उथळ पाण्यात ठोकळ्याचा तळ जमिनीला टेकतो आणि तो तरंगतोय की उभा आहे यावर भांडणं होतात. मुलं वस्तू फेकतात, त्याला उपाय म्हणजे "पाण्यावर झोपव" असं सांगणं. "फेकू नकोस" पेक्षा ते जास्त चालतं.

दुसऱ्या आठवड्यात क्ले. तेलकट, पाण्यात न विरघळणारी घ्या. पिठाचा गोळा चालणार नाही, त्याचा लगदा होतो. प्रत्येकाला ५० ग्रॅम. गोळा बुडतो हे सगळ्यांनी पाहिलं की "हीच क्ले तरंगवून दाखव" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. मुलं आधी चपटी पोळी करतात, ती बुडते. मग कोणीतरी काठ वळवतं. ५० ग्रॅमची वाटी तरंगायला तिने ५० मिलीइतकं पाणी बाजूला सारलं पाहिजे. भिंत ३ मिमीपर्यंत पातळ आणि तोंड साधारण ८ सेंमी झालं तर ती मजेत तरंगते आणि वर गोट्याही वाहून नेते. भिंत ५ मिमी राहिली तर जेमतेम तग धरते आणि टबाला धक्का लागला की पाणी आत. म्हणजे न जमणाऱ्या मुलाला "अजून पातळ, अजून उंच काठ" एवढी दिशा पुरे. काठाला भेग राहिली का ते वाटी उजेडासमोर धरून बघायला शिकवा.

"घनता" अजिबात नको. त्याऐवजी पाणी वर ढकलतं हे हाताला कळू द्या. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, बूच लावलेली, टबाच्या तळापर्यंत दाबायला लावा. जवळपास अर्धा किलो उचलण्याइतका जोर लागतो. दोन्ही हातांनी दाबूनही ती निसटते तेव्हा मुलं आपणहून म्हणतात की पाणी तिला खाली जाऊ देत नाहीये.

बीजांकुर

तळ्याकाठी, तुमची दोन मिनिटांची चाळणी बियांना लावली तर बिया बादच! थोडी सूट द्या. रोज एक ठरावीक बदल दिसत असेल तर मुलं आठवडाभर धीर धरतात.

कागदी_होडी, बिया कुजतात त्याचं कारण जवळजवळ नेहमी जास्तीचं पाणी. बीला पाण्याइतकीच हवाही लागते. कापूस चिंब झाला की हवा बंद, दोन-तीन दिवसांत बुळबुळीत होऊन वास. कापूस सोडाच. काचेसारखी पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी घ्या, आतून शोषून घेणाऱ्या जाड कागदाची गुंडाळी लावा, मध्ये चुरगळलेला कागद भरा म्हणजे गुंडाळी भिंतीला चिकटून राहील. राजमा ८ ते १० तास भिजवा, जास्त नाही. मग बिया कागद आणि भिंत यांच्यामध्ये, बरणीच्या निम्म्या उंचीवर सरकवा. तळाला फक्त १ सेंमी पाणी. कागद ते वर ओढून घेतो. बी पाण्याला टेकता कामा नये. झाकण लावू नका, बुरशी येते.

उबदार हवेत मूळ दोन ते चार दिवसांत बाहेर येतं, कोंब त्यानंतर काही दिवसांनी. अगदी अधीर वर्ग असेल तर मूग. भिजवल्यावर दिवसभरात मोड दिसतो, पण तो बारीक असल्याने मूळ कुठलं, कोंब कुठला ते मुलांना नीट कळत नाही. एका बरणीत तीन बिया घाला. एकच घातली आणि ती रुजली नाही की त्या मुलाचा आठवडा वाया जातो. बरणी गटाची ठेवली तर आणखी बरं.

मूळ २-३ सेंमी झालं की तळाचं पाणी ओतून टाका आणि बरणी आडवी ठेवा. कागद फवाऱ्याने ओला ठेवायचा. एका दिवसात मुळाचं टोक परत खाली वळलेलं दिसतं. बरणी पुन्हा फिरवा, परत वळतं. मुलांना स्वतः बदलता येणारी गोष्ट ही, तेव्हा तुमची चाळणी अर्धी तरी पार झाली.

उजेडात एक रोप, अंधारात एक, हा प्रयोग बिनविचाराने करू नका. अंधारातलं रोप उजेडाच्या शोधात लांबलचक वाढतं आणि मुलं पट्टी लावून सांगतात की अंधार चांगला. निरीक्षण खरं आहे! करायचाच असेल तर उंचीबरोबर रंग आणि देठाची जाडीही बघायला लावा. बीमधला साठा संपेपर्यंत अंधारातलं रोप तग धरतं, म्हणून दोन आठवडे तरी द्या.

बियांबद्दल तीन इशारे. बागकामाच्या पाकिटातल्या गुलाबी-निळ्या लेप दिलेल्या बियांवर बुरशीनाशक असतं, त्या मुलांच्या हातात नकोत. कच्चा राजमा खाल्ला तर उलट्या होतात, म्हणून "तोंडात नाही" हा नियम आधी. आणि कोरडी बी नाकात किंवा कानात गेली की ओलाव्याने फुगते आणि काढणं कठीण होतं. मोजून द्या, मोजून परत घ्या.

अर्धविराम

शब्दांबद्दल. नवे जड शब्द आणण्याआधी मराठीतले रोजचे शब्द कुठे गोंधळ घालतात ते बघा.

"विरघळणे" आणि "वितळणे" ही जोडी मोठी माणसंही सर्रास उलटसुलट वापरतात. खूण सोपी आहे. साखर विरघळायला दुसरं काहीतरी लागतं, म्हणजे पाणी. बर्फ किंवा मेण एकटंच वितळतं, त्याला फक्त ऊब लागते. दोन्ही एकाच दिवशी समोर ठेवा: एका वाटीत साखरेचा खडा कोरडा, दुसरीत पाण्यात, तिसरीत बर्फ. कोरडा खडा तासाभरानेही तसाच.

"बुडणे": सूर्यही बुडतो आणि दगडही. "तरंगणे": ढगही तरंगतात. मुलं हे अर्थ आधीपासून घेऊन येतात. त्यामुळे "पाण्याच्या वर राहिलं" आणि "तळाशी गेलं" असं बोट दाखवून बोललेलं बरं.

आणि "आटणे", "वाळणे", "सुकणे". भांड्यातलं पाणी आटतं, कपडा वाळतो, फरशी सुकते. तीन वेगळे शब्द, त्यामुळे तिन्हीकडे पाणीच हवेत गेलं हे मुलांच्या लक्षात येत नाही. तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून "पाणी कुठे गेलं?" हा एकच प्रश्न विचारा. "बाष्पीभवन" पाचव्या वर्षी पाठ झालं तरी ते फक्त तोंडात राहतं.

कागदी_होडी

खूप उपयोग होतोय. क्लेचं तर लगेच घेते. चुंबक राहिलं. "चुंबकाला धातू चिकटतात" असं सांगितलं आणि पुढच्याच मिनिटाला चमचा चिकटला नाही. आणि बर्फाचं काय करता? वितळताना बघत बसणं कंटाळवाणं होतं.

चौथा_बाक

वाक्यच चुकलं. चुंबकाला सगळे धातू चिकटत नाहीत. नेहमीच्या वस्तूंपैकी लोखंड आणि पोलादच. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नाही. स्टेनलेस स्टीलच्या काही जाती चिकटतात, काही नाही, तुमचा चमचा दुसऱ्या जातीतला. नाण्यांचंही तसंच, वरून सारखी दिसणारी आतून वेगळी असतात. पहिल्या दिवशी चमचे आणि नाणी बाजूला ठेवा. खिळा, कागदाची क्लिप, तांब्याची तार, ॲल्युमिनियमचा कागद, पितळी किल्ली, लाकूड, बटण, एवढं पुरे, आणि प्रत्येक वस्तू आदल्या दिवशी चुंबकाला लावून बघा. मुलांकडून "चमकतं ते चिकटतं" असा नियम येईल. तो मोडायला ॲल्युमिनियमचा कागद आणि गंजलेला, काळवंडलेला खिळा ही जोडी उत्तम. चमचे तिसऱ्या दिवशी "हा कुठल्या बाजूचा?" म्हणून आणा, तोवर मुलांना अपवाद पेलतो.

चुंबक कोणतं, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. मोठं, मुठीत मावेल असं फेराइटचं (नेहमीचं काळं) पट्टी-चुंबक किंवा प्लॅस्टिकच्या दांड्यात बंद केलेलं घ्या. निओडिमियमचे (फार जोरदार चुंबकाचे) छोटे चकचकीत गोळे किंवा चकत्या वर्गात आणूच नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये चिमटून भोक पडू शकतं, शस्त्रक्रियेची वेळ येते. लोहकीस द्यायचा तर घट्ट बंद, बूच चिकटवलेल्या पारदर्शक बाटलीत तेलाबरोबर. उघडा कीस चुंबकाला चिकटला की निघत नाही आणि डोळ्यात जातो.

वापरून झाल्यावर पट्टी-चुंबकं जोडीने, विरुद्ध ध्रुव शेजारी येतील अशी ठेवा. वारंवार आपटली की त्यांचा जोर कमी होतो.

तळ्याकाठी

बर्फाला गोधडी पांघरा! कंटाळा पळतो. ५० मिली पाणी मावणारे दोन सारखे कप गोठवून घ्या. दोन्ही बर्फ वेगवेगळ्या लहान पिशव्यांत बांधा, एक तसाच ताटलीत, दुसरा लोकरी कापडाच्या चार-पाच घड्यांत. "गोधडीतला आधी वितळेल की उघडा?" बहुतेक मुलं ठामपणे गोधडीतला म्हणतात, कारण लोकर गरम असते. अंदाज नोंदवा: ज्याचं त्याने आपलं नावाचं कार्ड त्या ताटलीसमोर ठेवायचं. पाऊण तासाने दोन्ही पिशव्यांतलं पाणी ओता. उघड्यातलं जास्त निघतं.

पिशवी दोघांनाही हवी. नाहीतर लोकर पाणी पिते आणि ओतायला काही उरत नाही. ताटल्या एकाच प्रकारच्या, धातूची एक आणि प्लॅस्टिकची एक अशी सरमिसळ नको, धातूवर बर्फ लवकर वितळतो. वितळलेलं पाणी अगदी सारख्या ग्लासांतच ओता. उंच बारीक ग्लासात पाणी जास्त आहे असं या वयात वाटतंच. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेने हेच ओतण्याचे प्रयोग करून दाखवलं होतं, आणि तुमचा बर्फाचा निकाल त्यात हकनाक अडकेल.

पाऊण तास म्हणजे बर्फ सुरुवातीच्या पाच मिनिटांच्याही आधी मांडायचा आणि मधे टबाचं काम करायचं. निकालानंतर लगेच "का?" विचारू नका. या वयात "का" ला बहुधा "कारण त्याला वितळायचं होतं" असं उत्तर येतं. "आता लोकरीत गरम पाण्याची बाटली ठेवली तर?" असं विचारा (कोमट, हाताला सोसेल इतकंच). प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

बीजांकुर

चौथा_बाक यांच्या यादीत भर: पाण्यात फुगणारे जेलचे मणी आणि बटण-सेल हेही वर्गाबाहेर. मणी पोटात जाऊन फुगतात, सेल अन्ननलिका जाळतो. फुगे फुगवायचे ते मोठ्यांनी, फुटलेले तुकडे ताबडतोब उचला. आणि टब वापरून झाला की लगेच रिकामा. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

नोंदीबद्दल कोणी बोललं नाही. वर्कशीट नको. रोज सकाळी रोपाशेजारी कागदाची पट्टी धरा, रोपाच्या उंचीएवढी मुलाकडून कापून घ्या आणि भिंतीवर ओळीने चिकटवा. आकडा न येणाऱ्या मुलाचाही आलेख तयार होतो. सगळ्या पट्ट्यांचं खालचं टोक एकाच रेघेवर आलं पाहिजे. एक जरी वर सरकली तरी मुलं "आज रोप खूप वाढलं" म्हणतात. ती रेघ आधीच आखून ठेवा, आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा रिकाम्या सोडा. सोमवारची पट्टी एकदम उंच का, हे मुलांना त्या रिकाम्या जागांवरूनच सापडेल.